सदर बाजारातली उमेदवारी : काय करावे, काय टाळावे

तात्यापारा, बुढापारा किंवा चौबे कॉलनीत वाढलेली मराठी मुलं शेवटच्या वर्षाला आली की घरात पुण्या-बंगळुरूचे विषय निघतात. जाणाऱ्याने जरूर जावं. पण रायपूरचा जुना सराफा, सदर बाजार, इतका जवळ असताना तिथे कुणी इंटर्नशिपची साधी चौकशीही करत नाही, याची मला खंत वाटते. बी.कॉम., डिझाइन, संगणक यांतलं काहीही शिकलेलं असो, इथे शिकायला पुष्कळ आहे. फक्त पेढी पारखून घ्यावी लागते.

काय करावे

• आधी काम ठरवा, मग दुकान. ‘सराफाकडे काहीतरी शिकेन’ म्हणून गेलेल्याला गिऱ्हाइकांसमोर पाणी ठेवायला लावतात. वाणिज्य शाखेच्या मुलाने थेट विचारावं: जुन्या दागिन्यांच्या मोडीची नोंद, घट, विक्रीवरचा ३ टक्के जीएसटी, हे मला वहीत बघायला मिळेल का? उत्तर टाळाटाळीचं आलं तर पुढची पेढी बघावी.

• हॉलमार्कचा प्रवास बघायला मागा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर अंक-अक्षरांचा सहा खुणांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, लागतो. ९१६ म्हणजे २२ कॅरेट हे सगळ्यांना पाठ असतं, पण माल केंद्रावर कसा जातो, नमुना कसा घेतात, शुद्धता कमी निघाली तर पुढे काय होतं, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. विज्ञान शाखेच्या मुलीला तर एखादं हॉलमार्किंग केंद्र दुकानापेक्षाही उपयोगाचं ठरेल.

• डिझाइनवाल्यांनी छत्तीसगडी दागिने शिकावेत. माझा सर्वांत जास्त आग्रह याच मुद्द्याचा आहे. सुता, पुतरी, ऐंठी, करधन, नागमोरी: खेड्यातून आलेली बाई हीच नावं घेऊन मागणी करते. संगणकावर पेंडंट काढणारे देशभर सापडतील. पण चांदीची ऐंठी कशी घडते, नागमोरीचा वळसा दंडावर कसा बसतो, हे कारागिरापाशी बसून उतरवून घेतलेली वही दुसऱ्या शहरात मिळणार नाही. रायपूरच्या मराठी मुलांना छत्तीसगडी कळते, बोलता येते. एवढं भांडवल हाताशी असताना ते वाया घालवू नये. रेखाटनाबरोबर वजन, तार, जोड आणि लागलेला वेळही लिहावा. मुलाखतीत तीच वही पुढे ठेवावी.

• जुलै गाठा. परीक्षा मे-जूनमध्ये संपतात तेव्हा लग्नसराई चालू असते. देवशयनी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, गर्दी ओसरते आणि मालकाला बोलायला सवड मिळते. पुढे पितृपक्षातही बरेच लोक सोनं घेत नाहीत, तो पंधरवडाही शिकणाऱ्याचाच.

• अप्रेंटिसशिपचा विषय काढा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. बहुतेक सराफी पेढ्या या दुसऱ्या गटातल्या. त्या सुधारणेत पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये ठरले आणि केंद्राच्या योजनेत नोंदणी केली तर त्या किमान रकमेचा निम्मा भाग सरकारकडून परत मिळण्याची सोय आहे. मालकाला हे ठाऊक नसेल तर आपण सांगावं. आजचे दर योजनेच्या पोर्टलवर पाहूनच जावं.

• मोठ्या कंपनीचीच ओढ असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना बघा: बारा महिने, सुरुवातीच्या नियमांप्रमाणे दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,०००. पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी ती नाही, म्हणून अर्ज शेवटच्या परीक्षेनंतरचा.

काय टाळावे

• पैसे भरून इंटर्नशिप. नोंदणी, डिपॉझिट, प्रमाणपत्र, नाव काहीही असो.

• मूळ गुणपत्रिका देणे. छायाप्रत द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

• वजन न लिहिता मालाची पुडी हातात घेणे. कारागिराकडे सोनं नेऊन द्यायचं काम नव्या पोराला सहज सांगितलं जातं. पुढे रतीभर जरी कमी भरलं तरी संशय त्याच्यावरच येतो. देताना-घेताना वजन आणि दोन्हीकडच्या सह्या हव्यात. ते जमत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावं. रागावणारा मालक शिकवणाराही नसतो.

• ‘आपल्यातलेच आहेत’ म्हणून काहीही लिहून न घेणे. महाराष्ट्र मंडळातल्या काकांनी ओळख करून दिली तर आनंदच आहे, पण मुदत, वेळ, मानधन आणि शिकवणार कोण, एवढं एका कागदावर असावं. नंतर अमुक वर्षं काम करण्याची हमी त्याच कागदात घातली असेल तर सही करू नये.

• मुलीला पाठवताना तक्रारीची वाट न विचारणे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा अधिक माणसं असतील तर दुकानात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान पेढीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

• सीएच्या आर्टिकलशिपला इंटर्नशिप समजणे. ती नोंदणी करून होते, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची आहे, मधूनच सोडली तर गुंता होतो.

• गिऱ्हाइकांची नावं किंवा पेढीचे आकडे कॉलेजच्या अहवालात घालणे. सराफा विश्वासावर चालतो.

• प्रमाणपत्र ‘सवडीने नेईन’ म्हणणे. शेवटच्या आठवड्यातच, कामाच्या तपशिलासह घ्या. धनत्रयोदशी जवळ आली की मालकाला सहीलाही वेळ नसतो.