कादंबरीकाराचे देवास : अभ्यासफेरीपूर्वी वाचावे असे



मोठ्या लेखकाचे राहते घर जपून त्याचे संग्रहालय करण्याची पद्धत जगभर आहे. लंडनमध्ये चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात ज्या घरात राहिले, ते १९२५ साली संग्रहालय झाले. काशीजवळ लमही येथे मुन्शी प्रेमचंदांचे घर पाहायला लोक जातात. परंतु लेखकाचे पुस्तकच ठाऊक नसेल, तर अशी भेट म्हणजे नुसती सहल होते.

आपल्या देवासलाही एक जगप्रसिद्ध कादंबरीकार राहून गेले. त्यांचे नाव इ. एम. फॉर्स्टर. येथे आपल्याला काचेच्या कपाटातील वस्तू पाहायच्या नाहीत; गाव आणि पुस्तक शेजारी ठेवून पाहायचे आहे.

त्या काळी देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती. एकच गाव, राजे दोन! थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टर यांचे मित्र. त्या ओळखीने फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात प्रथम देवासला आले. पुढे १९२१ मध्ये ते महाराजांचे खाजगी सचिव म्हणून सुमारे सहा महिने येथे राहिले. येथून घरी लिहिलेली त्यांची पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. त्यातील टेकडी म्हणजे आपली माताजीची टेकरी.

१९२१ च्या पावसाळ्यात त्यांनी जुन्या राजवाड्यातील गोकुळाष्टमी पाहिली. महाराज स्वतः देवापुढे गात-नाचत होते. याच अनुभवावर ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीचा ‘मंदिर’ हा शेवटचा भाग उभा आहे. त्यातील ‘मऊ’ संस्थान काल्पनिक आहे. इंदूरजवळच्या महूशी त्याचा घोटाळा करू नये. तेथे भजनात नाव येते तुकारामांचे, आणि तल्लीन होऊन गातात ते प्राध्यापक गोडबोले. म्हणजे माळव्यातील मराठी माणसांचे भजन इंग्रजी वाङ्मयात जाऊन बसले. हे गोडबोले त्या संस्थानाचे शिक्षणमंत्री असतात, पण त्यांच्या हायस्कुलाच्या इमारतीत धान्याचे कोठार झालेले असते. शाळा चालविणाऱ्या आम्हां मंडळींना हा चिमटा चांगलाच लागतो.

फॉर्स्टर यांना मराठी येत नव्हती. उत्सवातील गोंगाट आणि सजावट पाहून ते गोंधळले. तरी महाराजांची भक्ती खरी आहे, हे त्यांनी ओळखले. भाषा कळत नसताना त्यांनी इतके लक्ष देऊन पाहिले. आपल्याकडे भाषा आहे. पण घरात आजी अभंग म्हणते आणि नातवाला त्याचा अर्थ कळत नाही, असे झाले तर आपल्याच देवघरात आपण पाहुणे ठरू. त्या पाहुण्याने निदान लिहून तरी ठेवले!

म्हणून अभ्यासफेरीपूर्वी प्रत्येकाने तीन कामे करावीत :

१. घरातील वडीलधाऱ्यांकडून तुकारामांचा एक अभंग अर्थासह लिहून घ्यावा.

२. पूर्वी आपल्या घरी व वाड्यात गोकुळाष्टमी कशी होत असे, ते विचारून एक पान लिहावे.

३. टेकरीवरून दिसणाऱ्या गावाचा साधा नकाशा काढावा आणि दोन पात्यांच्या जुन्या खुणा कोठे आहेत, हे मोठ्यांना विचारून त्यात भराव्यात.

धारच्या मुलांनीही हे करावे. तेथील राजघराणेही पवारांचेच.

पालकांना विनंती की, उत्सवाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे, भजनाच्या वह्या रद्दीत घालू नयेत. पाहायला शाळेत पाठवाव्यात. विश्वस्तांनी वाचनालयात एक कपाट यासाठी द्यावे. त्यात फॉर्स्टर यांची दोन्ही पुस्तके ठेवू आणि त्यांच्या शेजारी मुलांच्या वह्या. फॉर्स्टर यांना जे उमगले नाही, ते मुलांनी त्या वह्यांत लिहावे.