अडणारा कंठ

एखाद्याचा कंठ पाहावा तर निरोगी. परंतु तो बोलू लागताच स्वरतंतूंना आचके येतात व शब्द मध्येच तुटतात. नवल असे, की तोच मनुष्य पुष्कळदा मोकळेपणाने हसतो! म्हणून हे दुखणे मनाचे मानून दीर्घकाळ रोग्यालाच दोष दिला गेला. हा अन्यायच होता. बोलताना मेंदू केवळ आज्ञा देत नाही. कंठातील स्पर्श व कानी पडणारा आपला स्वर यांची तो क्षणोक्षणी दखल घेत असतो. या रोग्यांच्या मेंदूत संवेदना जाणणाऱ्या भागाचेच कार्य निराळे आढळले. १९८४ साली न्यूयॉर्क येथे डॉ. अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोट्युलिनम या जहाल विषाचा अत्यल्प अंश टोचला आणि आचके शमले. मेंदूतील दोष मात्र राहतोच. म्हणून सुमारे ३-४ महिन्यांनी सुई पुन्हा घ्यावी लागते.