पायात उतरणारी कळ : दोष मणक्याचा की स्नायूचा?

कमरेखालून निघालेली कळ पायात उतरू लागली की ‘मणक्याची गादी सरकली’ असा निकाल आपल्याकडे घरीच लागतो. कोणी फळीवर झोपवतो, कोणी पट्टा बांधतो. हातावर पोट असलेल्या माणसाचा रोजगार बुडतो आणि मनात ऑपरेशनची धास्ती बसते. अशा दुखण्याचे मूळ बहुधा मणक्यातच असते, हे खरे. परंतु काही रुग्णांत ते नितंबातील एका स्नायूत असते. त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

या स्नायूचे नाव पिरिफॉर्मिस. कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या आतल्या बाजूने निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. पाय बाहेर वळवणे हे त्याचे काम. शरीरातील सर्वांत जाड अशी सायटिक नस बहुतेकांत या स्नायूखालून जाते. काहींत तिचा एक भाग स्नायूमधूनच जातो. स्नायू आखडला, सुजला किंवा त्याला मार बसला तर नस दाबली जाते. या विकाराला ‘पिरिफॉर्मिस सिंड्रोम’ हे नाव १९४७ साली रॉबिन्सन यांनी दिले.

निदान कसे करतात?

दुखणे नितंबाच्या मध्यभागी असते. बसून राहिल्यास ते वाढते. पायाला मुंग्या येतात. त्या जागी खोल दाबले की कळ उठते. रुग्णाला निरोगी कुशीवर झोपवून, दुखरा पाय खुब्यात व गुडघ्यात वाकवून, गुडघा खाली दाबला असता तेच दुखणे जागे होते. मात्र कोणतीही एक तपासणी निर्णायक नाही. मणका, खुबा व इतर कारणे वगळूनच हे निदान होते. एमआरआयमध्ये गादी थोडी फुगलेली दिसली म्हणून घाबरू नये. काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही ती तशी दिसते.

उपचार

एका रिक्षाचालक बंधूंना आम्ही प्रथम विचारले, “पाकीट कुठे ठेवता?” मागच्या खिशातले जाड पाकीट दिवसभर त्याच नितंबाखाली दाबले जात होते. ते काढले, दर अर्ध्या तासाने उतरून चार पावले चालायला सांगितले आणि व्यायाम शिकवला. काही आठवड्यांत ते पुन्हा पूर्ण वेळ रिक्षा चालवू लागले.

व्यायाम सोपा आहे. उताणे झोपावे, दुखऱ्या पायाचा गुडघा वाकवून विरुद्ध खांद्याकडे हळूहळू ओढावा, तीस सेकंद धरून सोडावा. असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ करावे. हिसका देऊ नये. कळ पायात उतरली तर थांबावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. एवढ्याने न भागल्यास सोनोग्राफीत पाहून स्नायूत इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

धोक्याच्या खुणा

लघवी-शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापासह दुखणे किंवा वजन घटणे असल्यासही तपासणी लांबवू नये.

दुखणे अंगावर काढू नये आणि ऐकीव निदानाला भिऊन अंथरूणही धरू नये. आधी तपासणी, मग उपचार, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.