काळजाची पट्टी

छातीवर हात ठेवून पाहा. धडधड लागते ना? तेच आपले हृदय. बोलताना आपण त्याला काळीज म्हणतो. ते मुठीएवढे असते. मिनिटाला सुमारे ७२ वेळा ते आवळते आणि सैल पडते. दिवसाकाठी एक लाख ठोके होतात. आपण निजतो, पण हा गडी निजत नाही.

काळीज आवळताना त्यात अगदी थोडी वीज उत्पन्न होते. ती अंगातून कातडीपर्यंत येते. माणसाच्या बाबतीत हे प्रथम दाखवले ऑगस्टस वॉलर या तरुण अध्यापकाने. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवीत. शरीराचे काम कसे चालते, हा त्यांचा विषय. १८८७ साली त्यांनी छातीला व पाठीला तारा जोडल्या. त्या तारा बारीक नळीतल्या पाऱ्यापर्यंत नेल्या. प्रत्येक ठोक्याबरोबर पारा हलू लागला!

वॉलर यांचा जिमी नावाचा कुत्रा होता. मिठाच्या पाण्यात पाय ठेवून तो शांत उभा राही. त्याच्याही काळजाची वीज ते लोकांना दाखवीत. जिमीला काहीच दुखत नसे.

पुढे हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांनी याहून चांगले यंत्र केले. त्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढतात, ती यातूनच आली.

आमच्या शेजारचे एक बाबा सकाळपासून छाती धरून बसले होते. वात असेल म्हणून ओवा खात होते. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. तारा पाहताच ते उठून बसले. "मास्तर, मला शॉक देता काय?" आम्ही त्यांना जिमीची गोष्ट सांगितली. बाबा हसले आणि निजले. पट्टीत दुखणे दिसले. लगेच उपचार झाले. बाबा वाचले.

म्हणून ध्यानात ठेवा. हे यंत्र अंगात वीज सोडत नाही. आपल्याच काळजाची वीज ते कागदावर उतरवते. छातीत दडपल्यासारखे झाले, घाम सुटला, दम लागला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर घरी बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

आपण अक्षरे शिकलो. काळीजही पट्टीवर आपली अक्षरे लिहिते. ती डॉक्टरांना वेळेवर वाचू द्या.