तोंडी वचन आणि सामाईक कर्ज

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या नगरात स्थायिक झाली. अशा घरांत एका भावाला नियमित वेतन आणि दुसऱ्याचा स्वतंत्र धंदा असला, की कर्जाच्या कागदावर दोघांच्याही सह्या होतात. कोणी किती फेडावयाचे, हे मात्र तोंडीच ठरते. ही बोली न्यायालयात टिकते काय?

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोघा भावांनी धाकट्याच्या कार्यशाळेसाठी बँकेकडून सहा लाख रुपयांचे संयुक्त कर्ज घेतले. धाकट्याने चार लाख आणि थोरल्याने दोन लाख फेडावेत, असे आपसांत ठरले. पुढे धाकट्याचा धंदा बसला व बँकेने सर्व रक्कम थोरल्याकडून वसूल केली. व्याजाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू.

बँकेवर भावांमधील बोली बंधनकारक नसते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ४३ प्रमाणे संयुक्त ऋणकोंपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण फेड मागता येते. मात्र वेगळे काही ठरलेले नसल्यास, फेड करणाऱ्याला इतरांकडून समान हिस्सा मागण्याचा अधिकार हेच कलम देते. म्हणजे बोली सिद्ध झाली नाही तरी थोरल्याला तीन लाख मागता येतात. सिद्ध झाली तर चार लाख. तोंडी शब्दावर अवलंबून असतो तो वरचा एक लाख.

करार तोंडी आहे एवढ्यानेच तो निरर्थक ठरत नाही. मात्र कायदेशीर बंधन पत्करण्याचा हेतू होता काय, हे न्यायालय पाहते. १९१९ च्या बाल्फोर खटल्यात पतीने पत्नीला दरमहा तीस पौंड देण्याचे दिलेले वचन इंग्लंडच्या न्यायालयाने घरगुती व्यवस्था मानून अंमलबजावणीस नाकारले. बँकेचे कर्ज, ठरलेले आकडे आणि काही काळ त्याप्रमाणे भरलेले हप्ते यांवरून याउलट हेतू दिसू शकतो.

कर्जाशी संबंध नसलेल्या आप्ताने केवळ मायेपोटी ‘तुझे कर्ज मी फेडीन’ असे म्हटले, तर गोष्ट निराळी. मोबदल्याविना दिलेले असे वचन कलम २५ नुसार लेखी व नोंदणीकृत असल्यावाचून सामान्यतः बंधनकारक होत नाही.

पुराव्याचे काम साक्षीदार, बँकेतील नोंदी व पत्रे करतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार भ्रमणध्वनीवरील संदेशही विहित प्रमाणपत्रासह दाखल करता येतात. भावाच्या वतीने भरलेल्या रकमेचा दावा मात्र ती भरल्यापासून सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नात्याच्या भिडेने थांबलेल्याचा हक्क या मुदतीत बुडतो.

दाव्यापूर्वीही लोकअदालतीचा मार्ग खुला असतो. तेथील तडजोडीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. तथापि, कर्ज घेतानाच हिश्श्यांचे टिपण करून दोघांनी सह्या केल्या, तर पुढे प्रश्न उरतो तो फेडीच्या ऐपतीचा. दिलेल्या शब्दाचा वाद उरत नाही.