बालकल्याणाचा निधी : खेड तालुक्यातील दोन टोके

भीमा नदीकाठचे राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण. दक्षिणेस चाकणचा कारखानदारीचा पट्टा, तर पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत विखुरलेल्या आदिवासी वाड्या. बालकल्याणाचा शासकीय पैसा कसा उभा राहतो व कोठे अपुरा पडतो, हे समजून घेण्यास हा तालुका बोलका आहे.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि मातांसाठी आहार-आरोग्य शिक्षण, अशा तिच्या सहा सेवा होत. आरंभी पूरक आहाराचा भार राज्यांवर होता. २००५-०६ पासून केंद्र शासन त्याचा निम्मा वाटा उचलू लागले. २०१७ साली सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकामागे दररोज ८ रुपये, तर तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये असा दर ठरविण्यात आला. ८ रुपयांच्या दराने वर्षातील ३०० दिवसांचे एका बालकामागे २,४०० रुपये होतात. म्हणजे ४० बालकांच्या अंगणवाडीचा वर्षाचा आहार ९६,००० रुपयांचा! ही रक्कम डोळ्यांपुढे ठेवूनच पुढील हिशेब पाहावा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. जिल्हा परिषद व पंचायत समिती यांनाही असेच बंधन आहे. नियम एक, परंतु फळ सारखे नाही. समजा, कारखान्यांच्या करामुळे एखाद्या पंचायतीचे स्वउत्पन्न २ कोटी रुपये झाले, तर या कामासाठी २० लाख मिळतात. डोंगरातील पंचायतीचे उत्पन्न २ लाख असेल, तर हाती येतात अवघे २० हजार. ग्रामपंचायतीचा पैसा हद्द ओलांडत नाही. म्हणून पश्चिम भागाला जिल्हा परिषदेच्या निधीतून झुकते माप मिळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मात्र श्रीमंत पंचायतीतील प्रत्येक मूल सुखी आहे, असेही नव्हे. चाकण परिसरात भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची मुले गावच्या यादीत सहसा चटकन येत नाहीत, आणि यादीत नाही त्याच्या वाट्याचा आहारही मागविला जात नाही. अशा वस्तीसाठी एक आधार उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६ च्या निर्णयानुसार, जेथे सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत पण अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मागणी लेखी असावी आणि सोबत बालकांची नावनिशीवार यादी जोडावी. ही यादी करण्याच्या कामी शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरते, कारण धाकट्या भावंडांचा पत्ता शाळेत येणाऱ्या थोरल्या मुलांकडूनच लागतो.