दंतचक्रांची जुळणी : संगणकावरील आराखड्यात

गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, येथे तयार झालेली पहिली मारुती मोटार १९८३ च्या डिसेंबरात ग्राहकाच्या हाती पडली. दिल्लीच्याच परिसरात, फरीदाबाद येथे, ट्रॅक्टर तयार होतात. अशा वाहनांच्या अंतर्भागी दंतचक्रे, म्हणजेच व्यवहारातील गिअर, असतात. ती प्रत्यक्ष बसविताना दाता दात्यावर आला, तर चक्र जागेवर बसतच नाही. कारागीर ते किंचित फिरवितो आणि दाता खाचेत उतरतो. चूक पोलादच दाखवून देते.

संगणकावर आराखडा करताना मात्र असे घडत नाही. तेथील चक्र ही केवळ आकृती असल्यामुळे एका चक्राचा दाता दुसऱ्याच्या दात्यातून आरपार जाऊ शकतो. म्हणून जुळणीचा हिशेब आपणच केला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. २० व ४० सरळ दात्यांची दोन चक्रे आहेत. दोहोंचे मॉड्यूल २ मिलिमीटर आहे. ज्या कल्पित वर्तुळांवर ही चक्रे एकमेकांलगत न घसरता लोळतात, त्यांचा व्यास मॉड्यूलला दात्यांच्या संख्येने गुणले असता मिळतो : ४० व ८० मिलिमीटर. दोन आसांमधील अंतर या व्यासांच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे ६० मिलिमीटर.

एवढ्याने काम पुरे होत नाही. लहान चक्र डावीकडे असून दोन्ही चक्रांचा एकेक दाता उजवीकडे रोखलेला आहे, असे समजा. मोठ्या चक्राचे दाते ९ अंशांच्या अंतराने येतात. १८० अंशांत असे नेमके २० भाग पडतात. म्हणून त्याच्या डाव्या बाजूसही दाताच येतो आणि लहान चक्राच्या दात्यात शिरतो. मोठे चक्र ४.५ अंश फिरविले की तेथे खाच येते. दाते ४१ असते, तर विषम संख्येमुळे ती आपोआपच आली असती.

या जुळणीसाठी घातलेले तात्पुरते बंधन आता काढावे. अन्यथा चक्रे फिरणार नाहीत. मग लहान चक्राच्या दोन फेऱ्यांस मोठ्याची एक फेरी, तीही उलट दिशेने, असे नाते नोंदवावे. हे नाते फक्त फेऱ्यांचे प्रमाण राखते. आरंभीची चूक ते जशीच्या तशी पुढे नेते. तेव्हा पडद्यावर चक्रे सुरळीत फिरली, तरी मोठ्या चक्राच्या एका पूर्ण फेरीत दाते एकमेकांत शिरत नाहीत ना, हे तपासूनच आराखडा कारखान्याकडे धाडावा.